माळ्याच्या तासाचे मोल



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय येथे व्हायचे. आणि मी तर सातवीनंतर शाळा सोडून जिनिंगमध्ये सरकी उपसायला लागलेला माणूस. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या भांडणांत. माझा आजचा विषय मात्र बाकावरचा नाही, फाटकावरचा आहे. बंगल्यापुढची हिरवळ राखणाऱ्या माळ्याने आपल्या कामाचा दर कसा ठरवावा, तासाला किती पैसे मागावेत, एवढाच तो विषय. तो कळवला तेव्हा चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तासभर पुरेल ना?" मला वाटते पुरेल.

जळगावला महाबळच्या किंवा धुळ्याला देवपूरच्या एखाद्या वसाहतीत सकाळी अकराच्या सुमारास उभे राहून पाहा. माळी मशीन पुसतो, कापलेले गवत गोणीत भरतो आणि फाटकाशी येऊन थांबतो. घरधनी विचारतात, "किती झाले रे?" यावरचे उत्तर ठरलेले आहे. "साहेब, तुम्हले जे देनं शे ते द्या." घरधनी खिशात हात घालतात, शंभराची नोट काढतात, त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात, वाटले तर वीसची आणखी एक जोडतात. आता काही ठिकाणी नोटेऐवजी फोन पुढे येतो, पण प्रकार तोच. हा व्यवहार दोघांनाही बरा वाटतो. घरधन्याला आपण उदार आहोत असे वाटते, माळ्याला कटकट टळली असे वाटते. पण यात दर कोणी ठरवला? घरधन्याच्या खिशात त्या वेळी कोणती नोट होती, तिने ठरवला.

ते उत्तर माझ्या फार ओळखीचे आहे. माझे वडील सालदार होते. खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो की, आमच्याकडे सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. त्या दिवशी माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर असतात, घरोघर पुरणाचा वास असतो, आणि सालदार मालकाच्या ओट्याखाली उभा असतो. नव्या सालाचे किती, हे तेव्हा ठरते. वडिलांना आकडा बोलताना मी एकदाही ऐकले नाही. आकडा मालक बोलत; वडील पायाच्या अंगठ्याने माती उकरत आणि मान हलवत. काही रोख, काही धान्य, एवढ्यावर वर्षाचे सगळे दिवस विकले जात, आणि बरोबर रात्रीही. कारण रात्री पिकाला पाणी धरायचे तर तेच, आणि गोठ्यात गाय व्याली तरी तेच. 1972 साली शहादे भागात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा जमिनीच्या बरोबरीने सालदाराच्या मजुरीचा प्रश्न तिने हाती घेतला तो उगाच नव्हे. (शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते, 1998 पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.)

आमच्या भागातले बरेच माळी असे सालदारांचे मुलगे आणि नातू आहेत. शेती सुटली, शहर आले, हातात खुरप्याऐवजी मशीन आले. पण आकडा आपण बोलायचा नसतो ही सवय तशीच राहिली. म्हणून दराचे गणित सांगण्याआधी विक्रीचे प्रकार सांगतो.

साल, रोज, उक्ते आणि तास असे श्रम विकण्याचे चार प्रकार आपल्याकडे आहेत. साल विकणारा काळ मोजतच नाही. रोज विकणारा सूर्य मोजतो. उक्ते घेणारा काम मोजतो, वेळेचे काय ते त्याचे त्याने पाहायचे. तास विकणारा घड्याळ मोजतो. आता गंमत अशी की, विक्रीचे माप जसजसे लहान होत जाते तसतसा रिकाम्या वेळेचा बोजा मालकाच्या अंगावरून मजुराच्या अंगावर सरकतो. पावसाची झड लागून काम थांबले म्हणून सालदाराचे साल कमी होत नाही. रोजंदार कामावर आला, तो काम करायला तयार आहे, पण मालकानेच पुरेसे काम दिले नाही, तर त्याला पुऱ्या दिवसाचा रोज मिळावा असे 1948 च्या किमान वेतन कायद्यात स्पष्ट लिहिले होते. तासाने काम करणाऱ्याला मात्र एका बंगल्यापासून दुसऱ्या बंगल्यापर्यंतच्या रस्त्याचा एक पैसाही कोणी देत नाही. माप लहान तर भाव चढा, हे किराणा दुकानदाराला शिकवावे लागत नाही. पोत्याचा भाव आणि पावशेराचा भाव तो कधी एक ठेवत नाही. आम्हाला ते शिकायला ठेच लागावी लागली, आणि ती माझ्यामुळे लागली.

सात-आठ वर्षांपूर्वी जळगावातल्या काही माळ्यांची मी बैठक घेतली. त्या वेळी माळीकामाचा रोज 400 रुपये चालत असे. मी फळ्यावर 400 ला 8 ने भागले, खाली 50 लिहिले आणि टाळ्या घेतल्या. तासाला 50 रुपये, याहून कमी कोणी घ्यायचे नाही असा ठराव झाला. दरपत्रक छापून वाटले. दोन महिन्यांनी एक वयस्क माळी माझ्याकडे आला. त्याला लिहिता येत नव्हते. खिशातून काड्यापेटी काढून त्याने टेबलावर काड्या मांडल्या. दरपत्रकाच्या आधी तो सकाळी एक बंगला आणि चार वाजल्यानंतर एक बंगला असे काम करी. दोन्हीकडे अर्ध्या रोजाचे 200 मिळत, दिवसाचे 400. दरपत्रक हातात पडताच घरधन्यांनी घड्याळे काढली. "बाबा, काम तर दोनच तासांचे होते, हे घे 100." मग त्याने तिसरा बंगला धरला. तीन बंगल्यांचे सहा तास, त्याचे 300 रुपये, आणि मेहरूणहून महाबळ, महाबळहून पिंप्राळा अशी सायकल वेगळीच. सगळ्या काड्या मांडून झाल्यावर त्याने विचारले, "भाऊ, तुम्ही भाव चढवला की उतरवला?"

मला उत्तर देता आले नाही. पुढाऱ्याच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या घरी चुलीपाशी मोजली जाते, हे त्या दिवशी मी पाहिले.

मग जे आधी करायला हवे होते ते केले. काही माळ्यांना पंधरा दिवस वही ठेवायला सांगितली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या वह्या त्यांच्या मुलींनी लिहिल्या, आणि त्या अधिक नेटक्या होत्या. घरातून निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, प्रत्येक बंगल्यात काम सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, एवढेच लिहायचे होते. वह्या जमवल्या तेव्हा दिसले ते असे. माणूस घराबाहेर आठ तास असतो आणि त्यांतले साडेपाच तास विकले जातात. उरलेले अडीच तास कुठे जातात? सायकलवर. पेट्रोलपंपावर. पात्याला धार लावण्यात. गवताची गोणी उकिरड्यापर्यंत नेण्यात. फाटकाबाहेर उभे राहण्यात, कारण आत पूजा चाललेली असते. हे अडीच तास तो झोपलेला नसतो. तेही त्या कामाचेच तास आहेत, फक्त ते कोणाच्या बिलावर चढत नाहीत.

सरकारलाही ही गोष्ट थोडी कळलेली आहे, असे मला पुढे वाचनात आढळले. महाराष्ट्र शासनाने किमान वेतनाच्या ज्या अधिसूचना निरनिराळ्या धंद्यांसाठी काढल्या, त्यांपैकी अनेकींत अंशवेळ काम करणाऱ्याचा दर कसा काढावा ते दिले आहे: दिवसाच्या दराला 8 ने भागा आणि येईल त्यावर 15 टक्के वाढवा. म्हणजे तास हा दिवसाचा निव्वळ आठवा हिस्सा नव्हे, हे शासनाने मान्य केले. माझ्या फळ्यावरचे 50 या हिशेबाने 57 रुपये 50 पैसे झाले असते. तेवढ्याने काड्यांचे गणित जुळले नसते, पण निदान चुकीची दिशा तरी कळली असती. 1948 चा तो कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत मिसळला आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तथापि खासगी बंगल्याच्या फाटकाच्या आत कायद्याचा हात क्वचितच पोचतो. तेथे दर ठरतो तो बोलण्यावर. म्हणून बोलणाऱ्याला हिशेब यायला हवा.

हिशेब उलट्या टोकाने सुरू करायचा असतो. "बाजारात काय चालते" इथून नव्हे, "घराला काय लागते" इथून. या बाबतीत आपल्या देशाने 1957 साली एक चांगले काम करून ठेवले आहे. त्या वर्षी पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कशावर बसवावे ते ठरवले. एका कमावत्याच्या मागे तीन माणसांचा खर्च धरावा; माणशी रोज 2,700 उष्मांकांचा आहार; चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड; सरकारी औद्योगिक घरकुलाइतके भाडे; आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. पुढे 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी 25 टक्के धरले पाहिजेत. वाचनालयात हे पहिल्यांदा वाचले तेव्हा 72 वार कापडावर मी बराच वेळ थांबलो. आमच्या घरी आखाजीला एक धोतरजोडी आली की कापडाचा विषय वर्षभरासाठी संपत असे.

आता आकडे घेऊ. हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, ते पुरेसे आहेत असे माझे म्हणणे नाही. प्रत्येकाने आपल्या घराचे घालावेत. समजा, घराला महिन्याला 15,000 रुपये लागतात. माझ्या जुन्या रीतीने याला 26 दिवसांनी आणि 8 तासांनी भागले तर तासाला 72 रुपये येतात. बरेच माळी आजही मनात असाच काहीसा भागाकार करतात. आता वहीच्या रीतीने पाहू. वर्षाचे लागतात 1,80,000. आजारपण, सण, पाऊस वगळून महिन्याला 24 दिवस धरू. दिवसाला विकले जाणारे तास साडेपाच. म्हणजे महिन्याला 132. पण आमच्याकडे बारा महिने सारखे नसतात. एप्रिल-मे मध्ये पारा 45 अंशांच्या घरात जातो, हरळीसुद्धा जागच्या जागी थिजते, घरधनी मुलांना घेऊन गावाला जातात. उलट श्रावणात झड लागली की ओल्या गवतात मशीन चालत नाही. तेव्हा वर्षाची विक्री दहा महिन्यांइतकीच धरू, म्हणजे 1,320 तास. 1,80,000 ला 1,320 ने भागले की तासाला 136 रुपये येतात. हा झाला नुसत्या हातांचा दर, घरधन्याचे मशीन आणि घरधन्याचे पेट्रोल असताना.

मशीन माळ्याचे असेल तर? येथे थोडे आडवळण घेतो, कारण या मशीनची जन्मकथा आम्हा कामगारांना जवळची वाटावी अशी आहे. हिरवळ कापण्याचे यंत्र 1830 साली इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने काढले. तो भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. कापडावर उठलेली लव कापून ते गुळगुळीत करण्याचे फिरत्या पात्यांचे यंत्र गिरणीत होते. त्यावरून बडिंगला हे सुचले. जे कापडावर चालते ते गवतावर का चालू नये? म्हणजे गिरणीतले यंत्रच उठून बागेत आले. आपल्याकडे 1818 नंतर खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले. 1906 साली जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा पूर्व भागाचे ठाणे जळगावला आले. ठाण्यामागोमाग साहेबाचा बंगला येतो आणि बंगल्यामागोमाग त्याच्यापुढची हिरवळ. एके काळी ती साहेबाची खूण होती, आज ती निवृत्त शिक्षकाच्या दोन खोल्यांपुढेही असते. मला त्यात वाईट काही दिसत नाही. 45 अंशांच्या गावात सकाळी पायाखाली चार हात ओले गवत असावे असे कोणाला वाटणार नाही?

तर मशीन. 24,000 रुपयांचे मशीन चार वर्षे चालले असे धरा, वर्षाचे 6,000 झाले. पेट्रोल, ऑइल, पाती, दुरुस्ती यांचे 18,000. जुनी मोटारसायकल आणि तिचे पेट्रोल 12,000. एकूण 36,000. ते 1,80,000 त मिळवा, 2,16,000 झाले. भागिले 1,320, म्हणजे तासाला 164 रुपये. कुठे 72 आणि कुठे 164! आणि यात नफा धरलेला नाही.

हा आकडा ऐकून घरधनी मंडळी दचकतात. परवा एक गृहस्थ मला म्हणाले, "मग हा तर महिन्याला तीस-पस्तीस हजार मिळवील." त्यांनी 164 ला आठ तासांनी आणि 26 दिवसांनी गुणले होते, माझीच जुनी चूक, फक्त उलटी करून. विकला जातो तो तास आणि जगला जातो तो तास यांतला फरक त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. मी त्यांना वह्या दाखवल्या.

तासाचा दर हाती आला म्हणजे तो फाटकावर बोलायचाच असे नाही. पुष्कळांना उक्ता दर आवडतो. घड्याळाकडे पाहत कोणी कोणाच्या डोक्यावर उभे राहू नये, हेच बरे. परंतु उक्ता दर तासाच्या पोटातून काढावा लागतो. हिरवळीला आमचे माप गुंठ्याचे, म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. दर आठवड्याला कापली जाणारी एक गुंठा हिरवळ, कडा आणि दाताळे धरून, मध्यम माणसाला सुमारे 40 मिनिटे लागते. म्हणजे 109 रुपये. तीच हिरवळ श्रावणात महिनाभर सोडली तर गवत घोट्याच्या वर येते, मशीन दोनदा फिरवावे लागते, गोण्या तिप्पट भरतात. दीड तास जातो आणि 246 रुपये होतात. "मागच्या वेळी तर शंभरच घेतले होते" या वाक्याला हेच उत्तर. आणि हिरवळ अर्धा गुंठाच असली तरी तिथपर्यंतचा रस्ता अर्धा होत नाही. म्हणून कितीही लहान काम असो, फेरी पडली की निदान एका तासाचे पैसे, असे आम्ही धरले.

मी "मध्यम माणसाला" असे म्हटले, ते जपून म्हटले. उक्त्या कामाचा सगळा घोटाळा याच शब्दात असतो. 1899 साली अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात टेलर नावाच्या इंजिनिअरने एका धडधाकट मजुराकडून, सगळे दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड गाडीत भरत तिथे, साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले. मजुरी 1 डॉलर 15 सेंटांवरून 1 डॉलर 85 सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. आणि मग तेच सगळ्यांचे माप व्हावे असा आग्रह. याच्या उलट आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे धोरण पाहा. तेथेही मजुरी कामाच्या मापावर, खोदलेल्या घनमीटरवर. पण दर असे बसवायचे की सरासरी माणसाने सात तास नीट काम केले तर त्याला किमान वेतनाइतकी मजुरी पडावी. प्रत्यक्ष मस्टरवर काय होत असे याविषयी मला दुसरे एक व्याख्यान देता येईल; पण तत्त्व चोख आहे. म्हणून गुंठ्याचा वेळ धरताना आम्ही पंचविशीचा पोर घेतला नाही आणि काड्या मांडणारे म्हातारबाही घेतले नाहीत. चाळिशीचा, दोन बंगले करून तिसऱ्यावर आलेला माणूस घेतला.

यापुढे येतो ऋतूंचा प्रश्न. फेरीगणिक पैसे घेतले तर पावसाळ्यात हात ओले आणि उन्हाळ्यात कोरडे. आणि नेमका उन्हाळ्यातच शाळेचा प्रवेश, लग्नाचा आहेर आणि सावकाराचा तगादा असतो. त्यावर महिना बांधणे हा उपाय आम्हाला चांगला वाटला. दीड गुंठ्याची हिरवळ घ्या. जून ते ऑक्टोबर 20 फेऱ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी 8, मार्च ते मे 6, एकूण 34. फेरीला दीड तास, म्हणजे वर्षाचे 51 तास. 164 ने गुणले की 8,364. बाराने भागा, महिना 697. सरळ 700 सांगा. घरधन्याला आकडा पाठ राहतो, माळ्याचा एप्रिल कोरडा जात नाही. हे साल आम्ही आखाजी ते आखाजी धरतो. फरक इतकाच की, आमच्या कागदावर फेऱ्यांची संख्या लिहिलेली असते आणि रात्री विकलेल्या नसतात.

आता एक गोष्ट, जिच्यावर आमच्याच बैठकीत सर्वांत जास्त आवाज चढले. हिरवळीत लव्हाळा शिरतो. त्याला जमिनीखाली गाठी असतात. वरून कापला तर चार दिवसांत पुन्हा वर. तो खुरप्यानेच, गाठीसकट काढावा लागतो. हे काम बायका करतात, उकिडवे बसून, आणि एका गुंठ्याला त्यांचा अख्खा दिवस जातो. पुरुष मशीन घेऊन 40 मिनिटांत निघून जातो. त्याला 109 आणि बाईला दिवसाचा निम्मा रोज, असा प्रघात होता. समान वेतनाचा कायदा 1976 चा, पण पुरुष मंडळी म्हणाली, "आमचे मशीनचे कसब, त्यांचे साधे खुरपणे." मी म्हटले, मशीनची किंमत आपण वेगळी काढली आहे, ती 28 रुपये घ्या खुशाल, बाकीचे 136 हातांचे आहेत, आणि हात दोघांनाही दोनच. लव्हाळ्याची गाठ आणि हरळीचे मूळ बोटांनी ओळखणे याला कसब म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? ठराव झाला, बहुमताने. अंमल अजून लंगडाच आहे. घरधनी तेवढे देत नाहीत हे खरे; पण आपला माणूसच बाईचा दर कमी करून सांगतो, हेही खरे.

दर पाडणाऱ्याची गोष्ट तर रोजची. नवा पोर कर्जाने मशीन घेतो आणि तासाला 70 रुपयांत कामे धरतो. त्याला शिव्या देऊन काही होत नाही. त्याच्या मनात 70 हे सगळे कमाईचेच असतात, कारण मशीन झिजते आहे हे अजून त्याला दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी इंजिन बसते, आणि नव्यासाठी गाठीला काही नसते. बेण्याचे धान्य दळून खाल्ले तर त्या वर्षी पोट भरते, पेरणी राहते. असे पोर आम्ही बैठकीला बोलावतो आणि त्याच्याच वहीवर त्याच्याकडूनच भागाकार करवून घेतो. काही जण ऐकतात. काहींना इंजिन बसल्यावरच पटते.

घरधन्यांची बाजू मी विसरलेलो नाही. निवृत्तिवेतनावरच्या माणसाला 164 जड जातात हे मला कळते. त्यांना माझे सांगणे असे की, दर उतरवायला सांगू नका, काम उतरवा. आठवड्याची फेरी पंधरवड्याची करा. गवत थोडे उंच राहू द्या. उन्हाळ्यात उंच गवत मुळांना सावली देते आणि पाणीही कमी लागते, ही गोष्ट धुळ्याच्या लोकांना नळाचे वेळापत्रक पाहता विशेष उपयोगाची आहे. कडेची पट्टी मोकळी सोडून मोगरा लावा. माळी तेवढाच वेळ दुसरीकडे विकील.

राहिले ते महामार्गाकडेचे "लॉन्स". आमच्या गावांत या शब्दाचा अर्थ आता गवत असा नसून लग्न असा झाला आहे. एकेक एकराची हिरवळ, म्हणजे 40 गुंठे, आणि हंगामात तिच्यावर हजारोंच्या पंगती. तेथला माळी महिन्याच्या पगारावर असतो, आणि रात्री वऱ्हाड उठल्यावर पत्रावळी उचलण्यापासून पहाटे पाणी धरण्यापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात पडते. हा पुन्हा सालदारच झाला. इथे मात्र कायद्याचा हात पोचू शकतो. ठरलेल्या वेळेवरच्या कामाला निदान दुप्पट दर, असे वेतन संहिता सांगते. पण जादा तास सिद्ध कसे करायचे? एका मालकाने मला तोंडावर विचारले, "कुठे लिहिले आहे तो रात्री थांबला म्हणून?" कुठेच लिहिलेले नव्हते. त्यानंतर तेथल्या माळ्यांनाही आम्ही वह्या दिल्या.

आमच्या दरपत्रकात एक कलम अजून कोरे आहे. महिना बांधलेला घरधनी घराला कुलूप लावून दोन महिने मुलाकडे पुण्याला जातो. फाटक बंद, काम बंद. त्या दोन महिन्यांचे काय? जळगावची मंडळी म्हणतात अर्धे घ्यावे, कारण पेट्रोल वाचते. धुळ्याची मंडळी म्हणतात पुरे घ्यावे, कारण तो वार त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि दोन महिन्यांपुरता दुसरा बंगला कोणी देत नाही. मी धुळ्याच्या बाजूचा आहे. पण मागे एकदा फळ्यावर घाईने भागाकार करून बसलो असल्यामुळे या वेळी आधी वह्या तपासायच्या असे ठरले आहे. आखाजीच्या बैठकीत हे कलम पुन्हा निघेल.